डोक्यावरचा पत्ता

आमची आजी वाटेवरून येणाऱ्या माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी डोकं. कराडच्या अलीकडे, कृष्णेकाठी आमचं गाव. सोप्यात बसलं की वेशीपर्यंतची वाट दिसायची. त्या वाटेवर एखादा पांढरा, तांबडा नाहीतर मळकट ठिपका हलायला लागला की आजीचं सुरू व्हायचं. "ह्यो माणदेशाकडला धनगर दिसतुय." "ह्यो वाण्याचा माणूस, पेठंतनं वसुलीला आलाय." पाहुणा पायरीला टेकेपर्यंत त्याचा मुलूख, त्याची जात, त्याच्या घरात लग्न आहे की सुतक, हे सगळं तिनं लावून टाकलेलं असे. बहुतेक वेळा बरोबर. आम्हा पोरांना ती जादू वाटायची आणि आजीही ती जादू असल्यासारखीच मिरवायची.

त्या जादूचं कारण मला पुढं कितीतरी वर्षांनी थोरल्या आत्याकडून कळलं. मी कौतुकानं आजीची आठवण काढत होतो, तर आत्या शेंगा फोडता फोडता मान वर न करता म्हणाली, "वळखायला नको? पानी कशातनं द्यायचं ते आधी ठरवाय लागायचं की." सोप्याच्या कोनाड्यात एक चकचकीत तांब्या असे, तो काही पाहुण्यांसाठी. काहींसाठी दुसरा, कडा चेपलेला. काहींना वरून धार धरायची आणि त्यांनी खाली ओंजळ करायची. आणि काही पायरीपर्यंत येतच नसत, अंगणाच्या पलीकडंच उभे राहून हाक देत. माणूस दारात आल्यावर जात विचारणं बरं दिसत नाही. तेव्हा लांबूनच कळलेलं बरं, अशी ती सोय होती. ती सोय डोक्यावर बांधलेली असे.

हे ऐकल्यापासून जुन्या पागोट्यांच्या आठवणीनं कुणी उसासे टाकायला लागलं की मला तो चेपलेला तांब्या दिसतो. तरीही पागोट्यांच्या गोष्टी मला आवडतात. आमच्या घरात त्या भरपूर होत्या.

आजीसारखं वाचन सरकारलाही येत होतं. इंग्रजांनी 1885 साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात एकेका जातीचं प्रकरण उघडावं, तर घर कसं, जेवण काय, देव कुठले, आणि त्याच ओघात पुरुष डोक्याला काय घालतात तेही. ब्राह्मणाची पगडी वेगळी, मुंबईच्या पाठारे प्रभूंची वेगळी, पारशांची आणखी वेगळी. संस्थानांची तऱ्हा तर विचारूच नये. ग्वाल्हेरला शिंदेशाही, इंदूरला होळकरी, बडोद्याला गायकवाडांची. दरबारात मुजरा करायला वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, डोकं दिसतं. तेव्हा कोण कुणाचा सरदार हे वरूनच कळत असणार. रयतेत मुंडासं, पागोटं, पटका, रुमाल. ज्याला जे परवडेल आणि ज्याला जे बांधू दिलं जाईल ते.

पगडी आणि पागोटं यांतला फरक आजोबांनी मला एका गोष्टीतून सांगितला होता. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, बांधाचा खटला सातारच्या कोर्टात चालू होता. वकिलाच्या वाड्यावर चकरा मारताना ते धाकट्या पोराला, म्हणजे आजोबांना, बरोबर नेत. वकीलसाहेबांच्या बैठकीत एक खुंटी होती. कोर्टातून आले की वकील लाल पगडी दोन्ही हातांनी अलगद उचलून खुंटीला लावत, शेंडीवरून हात फिरवत आणि मग माणसासारखं बोलायला लागत. पोराला त्या पगडीचं फार नवल. आपल्या बापाचं पागोटं रोज सकाळी नव्यानं बांधलं जातं, रात्री उशाला घेतलं जातं, आणि ह्यांचं मात्र बांधलेलंच्या बांधलेलं खुंटीवर बसून असतं.

फरक तोच. पगडी एकदाच बांधायची, तीही स्वतः नाही. ते पगडबंदाचं काम. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप घ्यायचं, लांबलचक कापडाची बारीक पिळाची वळी एकावर एक बसवत जायची, आणि एकदा आकार धरला की मालकानं ती टोपीसारखी घालायची आणि काढायची. उन्हाचं, पावसाचं, कष्टाचं काम ज्याला नाही त्याचंच हे शिरस्त्राण. ओझं डोक्यावर घ्यायचं असेल तर पगडीचा काय उपयोग? रानडे, टिळक, गोखले यांच्या तसबिरी डोळ्यांसमोर आणल्या तर त्या लाल पगड्या आधी आठवतात. पुढे ती पगडी घरांतून गेली, नाटकांत आणि सत्कारांत राहिली, आणि 2009 साली 'पुणेरी पगडी' म्हणून तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. रोज घालणारी माणसं संपल्यावर तिच्या नावाची सरकारदरबारी नोंद झाली. आपल्याकडं बऱ्याच गोष्टींचं असंच होतं.

पागोट्याचं तसं नव्हतं. पागोटं राबायचं. पणजोबांच्या पागोट्यानं काय काय केलं त्याची यादी आजोबा रंगात आले की सांगायचे. विहिरीवर पोहरा अडकला तर पागोट्याचं टोक जोडून दोर वाढवला. पायाला नांगराचा फाळ लागला तर तेच फाडून बांधलं. भाऱ्याखाली चुंबळ म्हणून, उन्हात तोंडावर, थंडीत कानावर, बाजारात पैसे बांधून ठेवायला. भावकीच्या भांडणात डोक्यात काठी बसली तीही पागोट्यावर, म्हणून पणजोबा वाचले, म्हणून आपण सगळे आहोत, असं आजोबा शेवटी ठणकावून सांगत. जीर्ण झालं की त्याची पोरांच्या पाळण्याला झोळी व्हायची, नाहीतर गोधडीत आतला थर. मी त्या गोधड्यांत झोपलोय.

आणि एक काम त्याला रोज नसे, पण असे तेव्हा ते सगळ्यात जड. 1899-1900 च्या दुष्काळानंतर सावकाराचं देणं फिटेना. पणजोबा सावकाराच्या ओट्यावर गेले, डोक्यावरचं काढून त्याच्या पायाशी ठेवलं आणि बोडक्या डोक्यानं हात जोडून उभे राहिले. आता गाव बघत होतं सावकाराच्या पायाकडं. पाय मागं घेतला तर मुदत मिळाली, पाय लागला तर मग पुढं काय होईल सांगता येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी, 1875 साली, सुप्याला आणि पुढं पुणे-नगर भागात गावोगाव लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, हे त्या सावकारालाही ठाऊक असणार. त्यानं वाकून पागोटं उचललं आणि पणजोबांच्या हातात दिलं. मुदत मिळाली. व्याजही वाढलं. आजोबा ही गोष्ट सांगताना कधी सावकाराला चांगला म्हणत, कधी हरामखोर. त्या दिवशी पीकपाणी कसं आहे त्यावर ते ठरे.

डोक्यावरच्या कापडाचा हा अर्थ सगळ्यात नेमका कुणी वापरला असेल, तर जोतीराव फुल्यांनी. 1888 साली राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात होता. हरि रावजी चिपळूणकरांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरातले धनिक जरीकाठी पागोटी, पगड्या आणि दागिने घालून आले होते. फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात, डोक्याला फाटकं मुंडासं. दारावरच्या माणसांनी अडवलं म्हणतात, यजमानांना बाहेर यावं लागलं. मग जोतीराव बोलायला उभे राहिले आणि राजपुत्राला म्हणाले की इथे जमलेल्या या हिऱ्यामोत्यांवरून देशाची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यात आहे, तो असा दिसतो, आणि हे आपल्या आईला जाऊन सांगा. एरवी जोतीराव नीटनेटकं पागोटं बांधत, त्यांची छायाचित्रं आणि चित्रं आपण पाहिलेली आहेत. त्या संध्याकाळी मात्र ते विचार करून फाटकं बांधून आले होते. डोकं वाचणाऱ्या समाजाला त्यांनी वाचायला मजकूर दिला.

सातारा जिल्ह्यात पुढे सत्यशोधक जलसे जोरात होते. आजोबांनी लहानपणी पाहिलेल्या एका जलशात भटजीचं सोंग घेणारा गडी लाल रंगवलेली परडी डोक्यावर पालथी घालून यायचा. परडी दिसली की बोलायच्या आधीच हशा. आजोबा हे सांगताना इतके हसत की ठसका लागे, आणि आजी आतून ओरडे, "देवाधर्माची चेष्टा करू नगासा."

आजोबांचे एक चुलते पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातून गावंच्या गावं रिकामी व्हावीत अशी भरती झाली. अपशिंगे गावातले 46 जण त्या लढाईत कामी आले, गावाच्या नावातच 'मिलिटरी' आलं. आमचे हे चुलत पणजोबा मेसोपोटेमियात होते. टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात इंग्रज-हिंदी फौज 1915 च्या डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीनं टेकीला येऊन 29 एप्रिल 1916 रोजी ती फौज शरण गेली. हजारो कैदी वाळवंटातून चालवत नेले गेले, त्यांतले कितीतरी वाटेतच गेले. चुलत पणजोबा परत आले. त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत, फक्त पटक्याबद्दल बोलत. एकाच पटक्यातून त्यांनी गढूळ पाणी गाळलं, त्यानंच जखम बांधली, रात्री तोच पांघरला आणि सकाळी पुन्हा डोक्याला बांधला. पलटणीच्या पद्धतीनं, घट्ट आणि उजव्या-डाव्या बाजू सारख्या.

गावी आल्यावर भाऊबंद म्हणाले, आता आपल्यासारखं बांधा. ते म्हणाले, जमणार नाही. मरेपर्यंत नांगरामागंसुद्धा पलटणीचा पटका. आजीच्या वाचनात हा एकच माणूस कधी नीट बसला नाही. "त्यास्नी लांबनं बघितलं की वाटायचं कुणीतरी साह्यबाचा माणूस आला, आन् जवळ आलं की आपलंच सासरं," असं ती म्हणे. हा पटका जातीचा नव्हता, रेजिमेंटचा होता. त्या काळात गावात जातीबाहेरचं काही डोक्यावर घालणारा तो पहिला माणूस असावा, असं मला वाटतं.

मग टोपी आली. तिच्यामागचा माणूस स्वतः पागोटंवाला होता, ही गंमत. 1893 च्या मे महिन्यात डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं बॅरिस्टर गांधींना डोक्यावरचं काढायला सांगितलं, तर ते कोर्टातून उठून गेले. 1915 साली भारतात परतले तेव्हा डोक्याला भलामोठा काठियावाडी फेटा होता. आणि असहकाराच्या काळात त्यांच्या नावाची टोपी अशी पसरली की महाराष्ट्रात एका पिढीत बापाचं पागोटं आणि पोराची टोपी असं झालं. स्वतः गांधींनी 1921 मध्ये टोपीही सोडली, ती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं मात्र सोडली नाही. कारण साधं होतं. एका पागोट्याच्या कापडात ढीगभर टोप्या होत, आणि बांधायला कुणाची मदत लागत नसे.

आजीला टोपी आवडली नाही. तिची तक्रार मी शब्दशः ऐकलेली आहे: "सगळीच सारखी दिसाय लागली. आता वळखायचं कसं?" तिला वाटे ही मोठी अडचण झाली. मला वाटतं त्या टोपीनं केलेलं सर्वांत मोठं काम हेच. मराठा, माळी, कुंभार, तेली, सगळी एकाच पांढऱ्या पट्टीखाली आली, आणि आजीला तांब्या उचलताना थांबून विचार करावा लागायला लागला. त्याच दशकात, डिसेंबर 1927 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितलं होतं की तुमच्या लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती पद्धत टाकून द्या. स्त्रियांनी दुसऱ्या दिवशीच नेसण्याची तऱ्हा बदलली. कपड्याचं राजकारण ज्यांना सोसावं लागलं होतं त्यांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

आजोबांनी मात्र फेटा सोडला नाही. टोपी फक्त कचेरीत जाताना. त्यांचं दैवत क्रांतिसिंह नाना पाटील, आणि नानांच्या डोक्याला फेटा होता, एवढं कारण त्यांना पुरे. प्रतिसरकारच्या दिवसांत, 1943 नंतर, आमच्या भागात भूमिगतांची जा-ये असे. आजोबा सांगत की त्यांनी एकदा एक चिठ्ठी फेट्याच्या घडीत घालून नदीपलीकडं पोहोचवली. वाटेत पोलिसांनी धोतर झटकायला लावलं, पायताण काढायला लावलं, शिदोरी उचकटली, पण फेट्याला हात लावला नाही. का? "आरं, सोडला आसता तर परत बांधून कुणी दिला आसता?" त्यांचे धाकटे भाऊ शेजारी बसलेले असले तर हळूच म्हणत, "चिठ्ठी भाकरीच्या फडक्यात हुती. आन् न्हेली मी." यावर दोघांचं भांडण मी अनेकदा पाहिलं आहे. निकाल कधी लागला नाही. पण फेटा सोडायला लावणं हा अपमान होता आणि देशी पोलिसालाही तो करताना जड जात असेल, यावर माझा विश्वास आहे.

आजोबांचा हात चांगला होता. गावातल्या लग्नात नवरदेवाला फेटा बांधायला त्यांनाच बोलावत. आठ-नऊ मीटर कापड. बांधणीच्या ठिपक्यांचा कोल्हापुरी असेल तर पाहायलाच नको. शाहू महाराजांनी 1912 साली कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीमैदान उभारलं. जिंकलेल्या पैलवानाला मानाचा फेटा बांधण्याची रीत आमच्या भागातल्या फडांवर आजही आहे. आजोबांनी तिथल्या आखाड्यात बांधलेले फेटे पाहूनच हात बसवला होता. एक टोक दातात धरायचं, कापड चुण्या घालत निमुळतं करायचं, कपाळावर पेच एकमेकांना तिरके छेदतील असं फिरवायचं, वर तुरा उभा करायचा, पाठीवर शेमला सोडायचा. आता सगळ्या गोष्टींत न दिसणारी एक गोष्ट सांगतो. एवढं लांब कापड एकट्यानं ताणता येत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. अंगणाच्या त्या टोकाला कापड ताणून, पीळ न पडू देता, बांधणाऱ्याच्या वेगानं एकेक पाऊल पुढं येत राहणं हे निम्मं काम आहे. आमच्या घरी ते टोक कायम धाकट्या आत्याकडं असे. ढिलं सोडलं की आजोबा ओरडत. पुरुषांच्या मानाच्या या सगळ्या इतिहासात टोक धरणाऱ्या बायकांचं नाव कुठं आलेलं मी तरी वाचलं नाही.

मरणातही पागोटं होतं. बाप गेला की थोरला मुलगा बोडका राही. एरवी कुणी बोडकं दिसलं तर आजी खेकसायची, "घरात कोण गेलंय का?" दिवस झाले की सोयरे येत, मामा नाहीतर सासरा त्याच्या डोक्याला नवं पागोटं बांधे, आणि मग तो घरचा कर्ता. आजोबा गेले तेव्हा हा विधी टॉवेल-टोपीवर आला होता. प्रत्येक पाव्हण्यानं टॉवेल-टोपी आणलेली, वडिलांच्या पुढ्यात ढीग झाला. त्यातल्या बऱ्याच टोप्या पुढच्या घरच्या दुखवट्याला गेल्या आणि तिथून आणखी पुढं. त्यांतली एक फिरून आमच्याकडं परत आली, तिच्या आतल्या शाईच्या डागावरून आईनं ओळखली.

देवही यातून सुटलेले नाहीत. आमच्या जोतिबाची सरदारी पूजा बांधतात तेव्हा देव फेटा बांधून ऐटीत उभा असतो. पंढरीच्या विठोबाला तर थंडीत कानपट्टी बांधतात. राजस मुकुटापेक्षा मला ती कानपट्टी जास्त आवडते. माझ्या वडिलांना विचारलं तर ते म्हणत, देवाला सर्दी झाली तर वारी कोण बघणार. देहू-आळंदीकडं तुकोबांची पगडी म्हणून एक घडण आहे. हल्ली ती कीर्तनकारांपेक्षा व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या डोक्यावर जास्त दिसते.

माझे एक चुलते ट्रकवर होते. कोल्हापूरचा गूळ घेऊन ते उत्तरेला जात आणि परतताना नांदेडला थांबत. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथं देह ठेवला त्या हुजूर साहिब गुरुद्वाराच्या लंगरात जेवायचे. शाळेत असताना त्यांनी मलाही एकदा नेलं. दारात डोक्याला बांधायला रुमाल दिला. आमच्या वाटेवरच्या सगळ्या ओळखीपाळखीच्या ढाब्यांवर चुलत्यांचे सरदारजी दोस्त होते. त्यांतला एक पहाटे खाटेच्या पायाला कापडाचं टोक बांधून एकटाच पगडी बांधत होता. चुलते धावत गेले आणि टोक हातात धरलं. दोघं बोलत बोलत जवळ येत गेले. शीख पंथात 1699 च्या खालशानंतर केस न कापणं हे व्रत, आणि त्या केसांचा मान राखणारी ही दस्तार. ती जातीची खूण नाही, उलट ज्या काळात पागोटं बांधणं हा वरच्यांचा मान होता त्या काळात गुरूंनी ती सगळ्या खालशाच्या डोक्यावर दिली. तिच्यामागं केवढी किंमत मोजलेली आहे हे माहीत असलं, म्हणजे 2018 साली मिलानच्या फॅशन शोमध्ये गुच्चीनं शीख नसलेल्या मॉडेलांना तशीच पगडी घालून चालवलं तेव्हा शीख का चिडले ते कळतं. मोटार वाहन कायद्यानं पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट दिलेली आहे. चुलत्यांनी एकदा फेटा बांधून स्कूटरवरून लग्नाला जाताना हवालदाराला हेच कलम ऐकवलं. हवालदारानं शांतपणे पावती फाडली.

आपल्याकडं मात्र पगडीचा वाद झाला तो आपल्याआपल्यातच. 2018 साली पुण्याच्या सभेत शरद पवारांनी जाहीर केलं की यापुढं पुणेरी पगडी नको, फुले पागोटं घालून सत्कार करा. त्यावर महिनाभर वर्तमानपत्रं पुरली. विद्यापीठाच्या पदवीदानात गाऊनऐवजी पगडी आणली तर तिथंही कुणाची पगडी यावर घोषणा. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण आजीचं वाचन अजून कुणीतरी करतंय एवढंच मला त्यात दिसलं. पागोटं निवडावं लागलंच तर मी फुल्यांचं निवडीन, पण ते फाटकं.

आणि या वादांच्या बाहेर, कुणाला न विचारता, फेटा परत आला आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, फेटा बांधून बाइकवर बसलेल्या मुली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. गावोगाव फेटे बांधणारी तरुण पोरं आहेत, डोक्यामागं दर ठरलेला, सीझनला महिनाभर उसंत नाही. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी शिवलेला तयार फेटा, डोक्यावर ठेवला की झालं. म्हणजे फेट्याची पुन्हा पगडीच झाली. हे फेटे भगवे, गुलाबी, मोरपंखी, जरीकाठी. त्यांवरून कुणाची जात कळत नाही, गाव कळत नाही. फार तर मुलीकडचे की मुलाकडचे एवढं कळतं. आजी असती तर वैतागली असती.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न होतं. मंडपाच्या कडेला फेटेवाला पोरगा खुर्ची मांडून बसलेला, रांगेत येईल त्याला बांधत होता. धाकटी आत्या सोबत आलेल्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिचे यजमान, आमचे मामा, गेल्याला बरीच वर्षं झाली. हळदीच्या वेळी ती आपणहून मागं सरकली होती, आणि कुणी तिला पुढं ये म्हणालं नव्हतं. मी धरून. फेटेवाल्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं. "बसा मावशी," म्हणाला आणि तिनं काही बोलायच्या आत पहिला पेच मारूनसुद्धा झाला. आसपासच्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्या आरशात बघत होती.

"सैल बांधलायस," ती म्हणाली.

"नाही हो मावशी, टाईट आहे."

"सैल हाय. तुरा फेरे घ्यायच्या आत पडंल." तिनं फेटा काढला, अंगावरून झटकला, एक टोक दातात धरलं आणि दुसरं पोराच्या हातात दिलं. "धर. आन् ढिला सोडू नगंस." बघता बघता कपाळावर पेच तिरके बसले, तुरा उभा राहिला. शेमला पाठीवर टाकून तिनं मान दोन्हीकडं हलवून पाहिली. मग रांगेतल्या बायका सरळ तिच्याकडं वळल्या. पुतणी म्हणाली, माझाही तूच बांध. नवरदेवाकडच्या पोरांनी मोबाइल काढले. फेटेवाला पोरगा सगळ्यांची टोकं धरत, पुढं पुढं येत राहिला आणि मध्येच विचारायचा, "मावशी, हा पेच परत एकदा दाखवा ना."

नवरदेवाचे मामा, मोठे बागायतदार, मानाचा फेटा आधी आपल्याला म्हणून पुढं घुसले. आत्यानं त्यांना रांगेच्या शेवटी उभं केलं.